विष हाताचं नव्हतं

"हात धुऊन ये," सर म्हणाले.

मी धुतले. साबणानं, पार कोपरापर्यंत. ओढणीला न पुसता तसेच ओले हात घेऊन उभी राहिले.

"पुन्हा धू."

पुन्हा धुतले.

"अजून एकदा. आता डिस्टिल्ड वॉटरनं."

लॅबमध्ये सगळे होते. माझ्याबरोबर पीएच.डी.ला लागलेला विनायक होता. एम.एस्सी.ची पोरं होती. लॅबचे शिपाई शंकरमामा होते. सगळे आपापलं काम करत होते आणि कुणीच काम करत नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या हातांवर.

तिसऱ्यांदा धुऊन आले, तर टेबलावर हातमोजे ठेवलेले. केशरी, जाड रबराचे. लोक संडास धुवायला वापरतात तसले.

"हे घालत जा," सर म्हणाले. "प्लॅटिनम फार नाजूक असतं. त्याला काहीही चालत नाही."

सरांचा आवाज मऊ. ते कधीच ओरडत नसत. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं आणि हसले.

"दोष हिचा नाही बरं का. घरातच सवय नसते. पाणी नसतं, संस्कार नसतात. आपण समजून घ्यायला हवं."

तेवढ्यात विनायकनं तोच प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड उघड्या हातानं उचलला आणि स्टँडला लावला. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

माझे हातमोजे दाराच्या मागं, झाडूशेजारच्या खिळ्याला टांगले गेले. दीड वर्ष ते तिथंच होते. लॅबमध्ये हातमोजे घालणारी मी एकटी.

शिरूरचं कॉलेज. नव्वदचं दशक संपत आलेलं. सरांना सरकारी ग्रँट मिळाली होती, तिच्यातून यंत्र आलं आणि प्लॅटिनम आलं. प्लॅटिनम म्हणजे केवढं? करंगळीच्या नखाएवढा पत्रा. तारेला जोडलेला, तार काचेच्या नळीत बसवलेली. सर तो कपाटात कुलपात ठेवायचे. मी दौंडची. वडील रेल्वेत गँगमन. हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत जायचे. आमच्या वस्तीत एम.एस्सी. झालेली मी पहिली. शिरूरला आत्याकडं राहायचे. आत्या मंडईत भाजी विकायची. पीएच.डी.ला नाव लागलं तेव्हा तिनं मंडईत सगळ्यांना पेढे वाटले होते. शेजारच्या गाळ्यातल्या बाईनं पेढा घेतला आणि खाल्ला नाही. आत्यानं ते बघितलं. मला सांगितलं नाही. मीही बघितलं होतं.

आमचा विषय असा होता. फॉर्मिक ॲसिड. लाल मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते. त्यात प्लॅटिनमचा तुकडा बुडवायचा आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं. ॲसिड त्या पत्र्यावर येऊन तुटतं, त्यातून करंट निघतो. यंत्राला एक पेन जोडलेलं असतं, ते आलेखाच्या कागदावर आपोआप रेघ काढत जातं. पेन वर चढलं की समजायचं, पत्र्यावर काम चाललंय. पेन खाली बसलं की काम थांबलं.

माझ्यासाठी सरांचा एक नियम होता. "सगळं मांडून ठेव. इलेक्ट्रोड आत सोड. पण मी आल्याशिवाय स्विच दाबायचा नाही."

विनायकला हा नियम नव्हता. तो बुडवायचा आणि लगेच सुरू करायचा.

मी हातमोजे घालून मांडायचे. ॲसिड ओतायचे. नाकात झणका बसायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. इलेक्ट्रोड सोडायचे आणि स्टुलावर बसायचे. सर यायचे चहा झाल्यावर. कधी लेक्चर झाल्यावर. कधी प्रिन्सिपॉलांच्या केबिनमधून गप्पा मारून. मग मी स्विच दाबायचे. पेन थोडं हलायचं, आणि बसायचं.

"बघा," सर म्हणायचे. "हिचा हात लागला की करंट पडतो."

पहिल्यांदा पोरं हसली नाहीत. नंतर हसू लागली. पुढं पुढं तर कुणाचंही काही बिघडलं, बीकर फुटला, लाईट गेली, तरी कुणीतरी म्हणायचं, "आज कुणाचा हात लागला?"

मीही एकदा हसले होते. तेव्हा हसायचं असतं असं वाटलं.

आणि मी विश्वास ठेवला. हे सांगताना आजही तोंड कडू होतं. मला खरंच वाटायचं, माझ्या हातात काहीतरी आहे. मी शिकलेली होते. प्लॅटिनमला बोटाचा तेलकटपणाही चालत नाही हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच सरांचं म्हणणं मला शास्त्र वाटलं. अपमान शास्त्राच्या भाषेत आला की तो अपमान आहे हे कळायला वेळ लागतो. मी नखं मुळापासून काढली. रक्त यायचं. सकाळी लिंबू चोळायचे, रात्री सोडा. हातांची सालं निघाली. हातमोज्यांत घाम येऊन ती चिघळली.

एकदा आत्यापुढं दोन्ही हात धरले. म्हटलं, "आत्या, माझ्या हाताला वास येतो का गं?"

आत्यानं हात नाकाशी नेले. नीट वास घेतला. "येतोय की. भाकरीचा." मग माझ्या तोंडाकडं बघितलं. "का गं? कोन काय म्हनलं?"

"कोणी न्हाई."

"मंग सालटी कशानं गेली?"

तिनं खोबरेल आणलं आणि चोळत बसली. मला भीती वाटत होती की उद्या पुन्हा करंट पडेल, हाताला तेल लागलंय म्हणून. मी तिचे हात ढकलून दिले.

सर शिकवायचे छान. हे मान्य करायला मला त्रास होतो, पण शिकवायचे छान. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ते आमचाच विषय शिकवणार होते, म्हणून मी आणि विनायकही वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो.

सरांनी फळ्यावर रेघ काढली. जाताना छोटा उंचवटा, येताना मोठा डोंगर. ही रेघ मला झोपेतसुद्धा काढता आली असती, कारण मात्र माहीत नव्हतं; त्यावरचे शोधनिबंध सरांच्या कपाटात कुलपात असायचे.

"जाताना करंट कमी, येताना जास्त. तेच ॲसिड, तेच प्लॅटिनम. का?"

सरांनी खडू ठेवला.

"फॉर्मिक ॲसिडला दोन वाटा असतात," सर म्हणाले. "एक सरळ. तुटलं, कार्बन डायऑक्साइड झाला, निघून गेला. करंट मिळाला. दुसरी वाट वाकडी. त्यातलं पाणी निघून जातं आणि मागं कार्बन मोनॉक्साइड राहतो. तो प्लॅटिनमवर जो बसतो तो उठतच नाही. एसटीत सीटवर रुमाल टाकावा तसा जागा अडवतो. मग बाकीच्यांनी बसायचं कुठं? म्हणून करंट पडतो. याला आपण विष म्हणतो. व्होल्टेज पुरेसं वर गेलं की हे विष जळून जातं, पत्रा मोकळा होतो, आणि येताना करंट उसळतो."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण हे विष येतं कुठून? आपल्याकडून काही घाण जाते का?"

"छे. पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं." सर हसले. तेच हसू. "बाहेरून काही यायला लागत नाही. ॲसिड स्वतःच तयार करतं. आणि एक लक्षात ठेवा, प्रॅक्टिकलला उपयोगी पडेल. इलेक्ट्रोड ॲसिडमध्ये नुसता बुडवून ठेवायचा नाही. जितका वेळ ठेवाल, तितकं विष चढत जातं. बुडवला की लगेच सुरू करायचं."

माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं.

ते स्टूल. ती वाट बघणं. मी आल्याशिवाय स्विच दाबायचा नाही.

ह्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बसून राहिले की विष चढणार, मग पेन बसणार, मग सगळ्यांसमोर माझा हात दाखवता येणार. आणि मी लिंबू चोळत होते.

मी उभी राहिले. ठरवून नाही. पाय आपले आपणच सरळ झाले.

"सर, हे विष हाताचं नसतं?"

"नाही म्हटलं ना आत्ता."

"मग दीड वर्ष माझ्या हाताचं काय सांगत होता?"

सरांनी डस्टर उचललं, फळा पुसायला लागले. पाठ माझ्याकडं.

"लॅबमध्ये बोलू आपण."

"न्हाई सर. तुमी सगळ्यांम्होरं बोलत होता. आता सगळ्यांम्होरं सांगा." घाबरल्यावर माझी घरची भाषा येते. त्या दिवशी घाबरून आली नव्हती.

सर वळले. पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ नव्हता.

"सवलतीच्या कुबड्यांवर इथवर आलात, आता डोक्यावर बसणार? बाहेर हो."

"व्हनार न्हाई."

मी तशीच उभी. शेवटी सरच पुस्तक उचलून बाहेर गेले. पोरं पुतळ्यासारखी बसलेली. विनायक वहीत बघत होता. वही कोरी होती.

दुसऱ्या दिवशी लॅबचं कुलूप बदललेलं होतं. शंकरमामा दारात उभे. "तुला आत सोडू नको म्हनल्यात," ते म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

आठवड्यानं प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. सोबत वडिलांना आणायला सांगितलं होतं. आबा दौंडहून रेल्वेचा खाकी ड्रेस घालूनच आले. त्यांच्याकडं तेवढाच चांगला कपडा. केबिनमध्ये चार खुर्च्या होत्या. एकीवर प्रिन्सिपॉल, एकीवर सर, एकीवर विनायक, एक रिकामी. आबांना कुणी बसा म्हणालं नाही. आबा बसलेही नाहीत.

मी झालं ते सांगितलं. हातमोजे, स्टूल, सगळं.

सर शांतपणे म्हणाले, "हाताच्या मळानंही करंट पडतो. कुणाही केमिस्टला विचारा. मी फक्त स्वच्छता शिकवत होतो."

"मग विनायकला हातमोजे का नव्हते?" मी विचारलं.

प्रिन्सिपॉलांनी विनायककडं बघितलं. "सर हिला काही बोलायचे का, जातीवरून वगैरे?"

विनायक म्हणाला, "मला आठवत नाही, सर."

तो दीड वर्ष माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होता. माझ्या डब्यातली मेथीची भाजी त्यानं खाल्ली होती, कुणी नसताना.

प्रिन्सिपॉलांनी एक कागद पुढं सरकवला. टाईप करून तयार होता. वर्गात गुरुजनांचा अवमान केल्याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही. दोन ओळी. खाली सहीला जागा.

"सही कर आणि काम सुरू कर," ते म्हणाले. "आम्हाला कुणाचं नुकसान करायचं नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "विचार करून सांगते." तेवढं आबांसाठी म्हणाले.

दौंडच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. न्हावरा आल्यावर आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोन वळी तर हायेत. सही कर, पोरी."

"आबा, मी काय चूक केली?"

"चूक न्हाई केली. म्हाईत हाय मला." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पर मी जल्मभर मान खाली घालून चाललो. साह्यब बोलला, ऐकून घेतलं. मुकादम बोलला, ऐकून घेतलं. त्या खाली घातलेल्या मानंनं तुला शिकिवलं. इसरू नगं."

"तुमची मान रूळ बघायला खाली होती, आबा. माझी कशापायी?"

"शानी झालीस." एवढंच बोलले. त्यात राग होता की दुसरं काही, मला आजही कळलेलं नाही. चौफुल्याला एसटी थांबली, ते खाली उतरून एकटेच पाणी पिऊन आले. मला विचारलं नाही.

घरी आई म्हणाली, तुझ्या बापानं कुणापुढं हात पसरून तुला कॉलेजात घातलं ते तुला माहीत नाही. वस्तीतले दोघं-तिघं आले. कुणी म्हणालं केस कर, कुणी म्हणालं डिग्री घे, मग बघून घे. सगळ्यांचं बरोबर होतं. सगळ्यांचं ऐकून घेतलं.

सोमवारी एकटी शिरूरला गेले. प्रिन्सिपॉलांनी पेन पुढं केलं.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"मग रजिस्ट्रेशन राहणार नाही."

"नका ठेवू."

"आयुष्याचं वाटोळं करून घेतेस."

"सर, ज्यांनी केलं ते बाहेर वर्ग घेताहेत."

मी निघाले. रागानं नाही. इतकं स्वच्छ मला कधीच वाटलं नव्हतं, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. दोन्ही एकदम.

रजिस्ट्रेशन गेलं. प्रगती असमाधानकारक, असं कारण लावलं. तक्रार दिली होती, ती फिरत राहिली. साक्षीदार नाही, म्हणाले. वर्गभर पोरं होती. एकही साक्षीदार नाही.

सणसवाडीला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. मालाचे नमुने तपासायचे, रिपोर्ट लिहायचा. आत्याकडून ये-जा जमेना म्हणून खोली बघायला गेले. मालकीणबाईंनी चहा केला, नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगितलं, मग विचारलं, "तुमी कोनातल्या?" मी म्हणाले, "बौद्ध." बाई म्हणाल्या, "मालकांना इचारते." मालक शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते. खोली मिळाली नाही. शेवटी शिक्रापूरला बिहारहून आलेल्या एका कामगाराच्या कुटुंबाशेजारी मिळाली. त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनाही कुणी खोली देत नव्हतं.

काम करत होते, पण डोक्यात ती रेघ. जाताना उंचवटा, येताना डोंगर. मला तो विषय हवा होता. त्यानं मला काही केलं नव्हतं. लोक म्हणाले, विषय बदल, तो माणूस प्रत्येक कमिटीवर असतो. मी बदलला नाही. माझ्या हातून एवढं गेलं, त्यात आणखी प्लॅटिनमही त्याला देऊन टाकू?

पुण्यात गाईड शोधायला लागले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच. तिथलं का सोडलं? ओळखीचे सगळे सांगायचे, वैयक्तिक कारण म्हण. मी झालं ते सांगायचे, नाव घेऊन. पहिले गाईड घड्याळात बघू लागले. दुसरे म्हणाले, "जातीचं काढू नका हो, केमिस्ट्री बोलू." मी म्हणाले, "केमिस्ट्रीच सांगतेय." तिसऱ्या मॅडम होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे सांगितलं नसतंत, तर आजच घेतलं असतं. आता विचार करावा लागेल." पुढं त्यांनी घेतलं. मोठं मन वगैरे काही नाही. राखीव जागा रिकामी होती, ती भरायची होती. मलाही मोठं मन नको होतं. जागा हवी होती.

तिथं पहिल्या दिवशी उघड्या हातानं इलेक्ट्रोड धरला. बुडवला, लगेच स्विच दाबला. पेन चढलं आणि थोड्या वेळानं बसायला लागलं. मी माझ्या बोटांकडं बघितलं. मग आठवलं. पडतो. सगळ्यांचाच पडतो.

डिग्री झाली. नोकरी लागली. आबा रिटायर झाले. त्यांनी माझं पुस्तकासारखं बांधलेलं ते संशोधन हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि म्हणाले, "त्या दोन वळीत एवढी वर्सं वाचली आस्ती." खरंय. वाचली असती. आम्ही बोलतो आता. पण चौफुल्याच्या त्या पाण्याचा विषय आम्ही दोघांनीही नंतर कधी काढला नाही.

गेल्या महिन्यात विनायकचा फोन आला. इतक्या वर्षांनी. तो आता त्याच कॉलेजात आहे, सरांच्याच खोलीत बसतो.

"सर रिटायर होतायत," तो म्हणाला. "सत्कार ठेवलाय. त्यांचे जुने विद्यार्थी दोन-दोन शब्द बोलणार आहेत. तू आता डॉक्टर आहेस, तू आलीस तर बरं दिसेल."

"कुणाला?"

तो म्हणाला, "मागचं काढू नकोस गं. माझी पीएच.डी. त्यांच्या हातात होती तेव्हा. तुला माहितीये."

"माहितीये," मी म्हणाले. "येते मी. पण बोलेन तर जे झालं तेच बोलेन."

"अशा कार्यक्रमात चांगलं बोलायचं असतं."

"मग तू बोल. तुला काही आठवत नाही, तुला सोपं जाईल."

त्यानं फोन ठेवला. पत्रिका आली ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातून. तिच्यावर माझं नाव नाही.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "कशाला जातीस? तुला बोलिवलं न्हाई." आई म्हणाली, झालं गेलं, आता मोठी बाई झालीस तू.

जाणार आहे. रविवारी सकाळच्या एसटीनं. तिथं शाल देतील, श्रीफळ देतील, स्वच्छतेचे आणि शिस्तीचे पुजारी म्हणतील. सगळं ऐकून घेईन. त्यांच्या समोर, जिथून त्यांना मी दिसेन, अशा खुर्चीवर बसेन. शेवटी कुणीतरी माईकवरून विचारेल, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?

मी उठेन.

नाही विचारलं, तरी उठेन.